साडभाऊंचं घर फिरायला निघतं

ज्याच्याशी काहीच नातं निघत नाही असा माणूस आमच्या साडभाऊंना या पृथ्वीवर अजून भेटलेला नाही. उद्या मंगळावर वस्ती झाली, तर पहिल्या यानातून उतरणाऱ्याला हे ब्रह्मपुरीच्या आपल्या अंगणातूनच हाक मारून विचारतील, "कोन्या गावचे जी तुमी?" साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचे प्रश्न ठरलेले. पहिला गावाचा, दुसरा आडनावाचा, आणि तिसरा असा काही तिरपा, की समोरच्याची मावससासू भाताच्या बांध्यांमधून चालत येऊन मध्ये उभीच राहते. चंद्रपूरच्या चौकात एका हवालदारानं त्यांची गाडी अडवली होती. पावतीपुस्तक काढेपर्यंत साडभाऊंनी त्याची सासुरवाडी शोधून काढली आणि पुस्तक खिशात जाईपर्यंत तो हवालदार भररस्त्यात वाकून त्यांच्या पाया पडत होता. मागं ट्रक, ट्रॅव्हल्स, एक मिरवणूक, सगळं थांबलेलं. एकदा त्यांना चुकून कुणाचा तरी फोन लागला. हे म्हणाले, "लागला तं लागला, पन कुठून बोलून राह्यले?" पुढं त्यांच्या मुलीच्या लग्नात हाच माणूस आहेरात पाण्याचा पितळी गुंड घेऊन सहकुटुंब हजर होता आणि पंगतीत वाढायलाही त्यानंच कमरेला पंचा बांधला होता.

नोकरी पशुवैद्यकीय खात्यातली. त्यामुळं ही विद्या माणसांपाशी थांबली नाही. बाजारात एखादा बैल पाहिला की दोन पावलं मागं सरकून डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "हा सावली गावच्या त्या एकशिंग्याचा नातू होय. चाल पाह्य त्याची." मालक पाहतच राहायचा. बैलही, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, वडीलधाऱ्यासमोर खाली घालावी तशी मान खाली घालायचा. चंद्रपूर आणि शेजारचा, दोन्ही जिल्ह्यांत असा गोठा नाही जिथं साडभाऊंनी गुडघाभर शेणात उभं राहून चहा घेतला नाही, आणि असा चहा नाही ज्यातून एखादं नातं निघालं नाही.

आता या नात्यांना जेवायला कोण घालायचं? आकडसासूबाई. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडं आकडसासू म्हणतात, आणि नावात आकड असली तरी या बाईसारखी मऊ बाई मी पाहिलेली नाही. नवरी होऊन आल्या त्या घरात माणसं इतकी की कोण दीर आणि कोण पाहुणा हे कळायलाच पहिली दिवाळी उजाडली. मग बदल्या आणि सरकारी क्वार्टर. पण क्वार्टर कसलं, ती धर्मशाळाच. तालुक्याला दवाखान्यात आलेले, कोर्टात आलेले, शेवटची बस चुकलेले, आणि बस चुकवूनच आलेले, सगळे पुढच्या खोलीत झोपलेले. त्यांच्या चुलीवरचा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, एवढा मोठा, की एकदा गावात पूर आला तेव्हा नाव म्हणून लोकांची पहिली नजर त्याच्यावर गेली. नवराबायको दोघंच एका ताटावर बसलेत असं दृश्य त्या घराच्या भिंतींनी पाहिलं नव्हतं. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. आणि साडभाऊंच्या हिशोबात कुरकूर नाही म्हणजे बाई खूश.

निवृत्तीनंतर भाच्यानं त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतलं एक म्हातारं जोडपं. मोटारीतच घर: पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. डोंगरांमधून, मोठमोठ्या अभयारण्यांतून, लाकडी दुकानांच्या धुळकट गावांमधून दोघं फिरताहेत. संध्याकाळी गाडीपुढं दोन खुर्च्या टाकतात आणि डोंगर बघत चहा घेतात. साडभाऊ हळहळले. "पाह्य बिचारे! कोनी इचारूनसुद्धा नाई राह्यलं यायले." आकडसासूबाई मात्र पापणी न हलवता बघत होत्या. "यायले कोनी भेटाले येत नाई?" त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, "नाई मोठीआई." त्यावर त्या इतक्या हळू बोलल्या की चुलीवरच्या डाळीनंच ऐकलं असावं, "किती नशिबाची हाय ते बाई." तो व्हिडिओ त्यांनी पुन्हा पाहिला. मग रोज पाहायला लागल्या. शेवटी एक दिवस साडभाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो प्रकाश असा लख्ख की त्याच आठवड्यात त्यांनी शाळेची एक जुनी पिवळी मिनीबस घरासमोर आणून उभी केली.

बाक काढले. फळ्यांचे दोन पलंग ठोकले, कोपऱ्यात शेगडी, खिडक्यांना जुन्या लुगड्यांचे पडदे, वर दोन घडीच्या खुर्च्या टांगलेल्या. आकडसासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक मागणी केली. "अजी, सारं जंगल दाखवू नका, चालते. पन एक रात्र या गाडीत आपन दोघंच. कोनी पाहुना नाई, कोनी नातेवाईक नाई." साडभाऊंनी छातीवर हात ठेवून शब्द दिला, आणि पंधरा मिनिटांत गल्लीत सांगून आले की आमी जाऊन राह्यलो, रस्त्यात तुमचं कोनी असन तं सांगा.

मोहाची फुलं पडायच्या दिवसांत गाडी निघाली. पहिला मुक्काम चिमूर. चहाला थांबले, चहावाल्याचा आजा यांच्या चुलत्याचा मित्र निघाला. झालं! "घर असताना गाडीत झोपता? लोकं थुंकतीन न आमच्या तोंडावर!" पाहुणे घरात गेले आणि गाडीतल्या त्यांच्या पलंगांवर मोहल्ल्यातली पोरं झोपली. आकडसासूबाई आत बायकांच्या रांगेत, एका कुशीवर, दुसरीकडं वळायला जागा नाही म्हणून. पुढं ताडोबाच्या कडेला तर गाववाले काठ्या घेऊनच आले, "वाघाचा भाग आहे जी, इथी नाई झोपू देत." वाघाचं म्हणाल तर तो दुपारीच येऊन गेला होता. रस्त्याच्या मधोमध बसलेला, बैलगाडीएवढा. आकडसासूबाई सांगतात की जंगल असं गप्प झालं, की स्वतःच्या बांगडीचाही धाक वाटावा. साडभाऊंनी मात्र खिडकीतून मान काढली, निरखून पाहिलं आणि म्हणाले, "याची माय मी पाह्यली हाय, तलावाजवळ. कान असेच होते." त्यावर वाघ उठला, आळस दिला आणि बांबूत शिरला. वाघानं सोडलं, गावानं सोडलं नाही. तीही रात्र सरपंचाच्या ओसरीवर गेली.

धानोऱ्याकडं तरी आपलं कुणी नसेल, अशी आकडसासूबाईंना आशा होती. तिथल्या एका पाड्यावर लोक मोहफुलं वाळवत होते. साडभाऊंना गोंडी येत नाही, त्यांचा तिसरा प्रश्न पहिल्यांदा अडला. बाई मनात देवाला हात जोडत होत्या, तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला, साडभाऊंचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागला. मोडक्या मराठीत म्हणाला, "माझा बैल वाचवला तू!" आता बैलाच्या नात्यानं आलेल्या पाहुण्याला कोण गाडीत झोपू देतो? रात्रभर ढोल वाजले.

सकाळी आकडसासूबाई गाडीत चढल्याच नाहीत. पिशवी घेऊन बस थांबते तिथं जाऊन उभ्या राहिल्या. साडभाऊ मागं धावत गेले. "काय झालं? कोनी काई म्हटलं का?"

"कोनी काई नाई म्हटलं. सारे लय चांगले हायेत," त्या म्हणाल्या. "माह्या मनात कोनाचाच राग नाई. पन लग्न मी तुमच्याशी केलं जी, अख्ख्या जिल्ह्याशी नाई केलं."

साडभाऊ काही बोलले नाहीत. ही गोष्ट स्वतंत्र नोंदवावी अशी आहे, म्हणून पुन्हा लिहितो: साडभाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवी हातात घेतली, गाडीचं दार उघडलं आणि खिशातला फोन बंद केला.

इकडं त्या बंद फोननं हाहाकार उडाला. तो फोन कधी थंडच झालेला नव्हता. भर थंडीत लोक त्यावर हात शेकत. दुपारपर्यंत माझ्या घरी इतके नातेवाईक जमले की मला माझ्याच दारात चपला काढायला जागा मिळेना. कुणी म्हणे वाघ, कुणी म्हणे नदी. माझी बायको बहिणीच्या काळजीनं डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "बाईले पाहून या ना जी." मी मोटरसायकल काढली.

वाट शोधायला काहीच त्रास झाला नाही. चामोर्शीपर्यंत गावागावात लोक अडवून सांगत, भाऊ गेले, उतरले नाहीत, पण हात हलवून गेले. आष्टीच्या पुढं मात्र नातं एकदम तुटलं. आलापल्लीला चहावाला म्हणाला, "पिवळी गाडी नं? गेली. मी हात दाखवला, त्यायनं मान दुसरीकडं फिरवली." साडभाऊंनी मान फिरवली म्हणजे माणूस शुद्धीवर नसणार! पुढं तो सागाचा रस्ता. झाडं इतकी उंच की त्यांच्या माथ्यावर संध्याकाळ आणि बुंध्याशी रात्र. आपण बोललो तर ही झाडं ऐकतील आणि त्यांना ते आवडणार नाही, असं वाटायला लावणारं ते रान. एवढ्या मोठ्या आवाजाचा मी, पण त्या रस्त्यावर मोटरसायकलचा आवाजही मला उद्धटपणा वाटला.

सिरोंच्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, प्राणहितेच्या काठावर गाडी दिसली. पुढं वाळू, वाळूपुढं ते अफाट पाणी, आणि पाण्यापलीकडं तेलंगणात सूर्य उतरत होता. सगळी नदी कुंकवासारखी झालेली. दोन घडीच्या खुर्च्या, त्यांवर दोघं, हातात कप. जीव भांड्यात पडला आणि मी लांबूनच ओरडलो, "भाऊ!"

साडभाऊंनी वळून पाहिलं. चेहरा उजळला, दोन्ही हात अर्धे वर आले, आणि मग तिथंच थांबले. त्यांनी बायकोकडं पाहिलं. हात खाली घेतले. घसा खाकरला.

"कोन पाह्यजे जी तुमाले?" ते म्हणाले.

मी चाट. "भाऊ, मी!"

"मी नाई वळखलं."

आकडसासूबाईंनी तोंड कपात घातलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. साडभाऊंच्या कपाळावर घाम डवरला होता. माझ्याकडं ते असे पाहत होते, जसा बुडणारा माणूस काठावरच्याला पाहील, फक्त उलट: मला वाचवू नको, जा.

मला उमगलं. मी म्हणालो, "माफ करा जी. आमचे एक साडभाऊ हायेत, लोक शोधून राह्यले त्यायले. मले वाटलं, तुमीच."

"नाई, नाई," ते घाईनं म्हणाले. "पन ते खुशाल असतीन. सांगा लोकायले, खुशाल असतीन." आणि मग सवयीनं ओठ उघडलेच, "तुमी कोन्या गा…" एवढं बोलून त्यांनी तो प्रश्न गिळला. मी सांगतो, विषाचा घोट घेणाऱ्याच्या गळ्यातही एवढी हालचाल होत नसेल. चहा प्यायला बसा, असं म्हणायचाही मोह त्यांनी आवरला, आणि तो मोह किती मोठा होता हे फक्त मीच जाणतो. मी मोटरसायकल वळवली. एकदाच मागं पाहिलं. सूर्य गेला होता. आकडसासूबाईंनी काहीतरी म्हटलं आणि साडभाऊ ऐकत होते. नुसते ऐकत होते. इतक्या वर्षांत मी या दोघांना माणसांच्या घोळक्याशिवाय पाहिलंच नव्हतं, आणि लांबून ती मला कुणी अनोळखी, नुकतीच लग्न झालेली माणसं वाटली.

सिरोंच्याला लॉजवर पोचून बायकोला फोन लावला. मागं सगळ्या नातेवाइकांचा गलका चालू होता. मी म्हणालो, "खुशाल हायेत."

"पाह्यलं तुमी? काय करून राह्यले होते?"

"काई नाई. नदीवर बसले होते, चहा घेऊन."

ती गलक्यातून बाजूला कुठंतरी गेली असावी, कारण आवाज कमी झाला. मग तिनं विचारलं, "दोघंच?"

मी हो म्हणालो. मग ती हळूच म्हणाली, "आपल्या मोटरसायकलवर दोन घडीच्या खुर्च्या बसतीन का जी?"