शोभाचं पाल आणि समुद्र

फोन आला तेव्हा मी एका शाळेच्या गणवेशाच्या बटणांवरून दुकानदाराशी वाद घालत होते. मध्येच शोभाच्या मुलाचं, सचिनचं नाव फोनवर दिसलं. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळची भांडी घासून झाली आणि छातीत कळ आली, रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशीही पुरी नव्हती... मी बटणांचं नंतर बघू म्हटलं आणि चपला घातल्या. या गोष्टीला आता दीड महिना होईल. रडण्याबद्दल लिहिणं मला जमत नाही. शिवाय तिची आठवण निघाली की मला आधी हसू येतं आणि अंगात लगबग सुरू होते, कारण डोळ्यांपुढे उभी राहते ती माघातल्या पौर्णिमेची आमची सहल. तेव्हा त्याबद्दलच लिहिते.

सोलापुरात माझा गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे. शोभा तिथे वीस वर्षं कटिंग करत होती. शाळेचे पन्नास शर्ट एका थप्पीत कापताना तिची कात्री कुठे अडली, असं मी पाहिलं नाही. माहेर माळशिरस तालुक्यातल्या कोरड्या माळावरचं, घरात मेंढरं. लहानपणी दिवाळी झाली की सगळं घर मेंढरांमागे चालत कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परतायचं. रोज नवं रान, रोज नवा मुक्काम. पुरुष मेंढरं चारायचे, बायकांनी घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवून पाल ठोकायचं. पाल म्हणजे चार काठ्यांवर ताणलेलं कापड, तेच घर. अशाच एका मुक्कामाला, दहा वर्षांची असताना, तिने उंच सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, पहिल्यांदा समुद्र पाहिला. खाली जाऊ दे म्हणून ती वडिलांच्या, आबांच्या मागे लागली. मेंढरांना तिथे काय, खारं पाणी, पुढच्या साली जाऊ, असं आबा म्हणाले. पुढच्या सालीही तेच म्हणाले. मग एका वर्षी मेंढरं विकली, चालणं थांबलं, लग्न झालं आणि शोभा सोलापुरात आली. समुद्र सड्याखालीच राहिला.

हे सगळं मला माहीत होतं. दर दिवाळीनंतर ती म्हणायची, ताई, एकदा जाऊ की. मी म्हणायची, हा हंगाम निघू दे. गणवेशाच्या धंद्यात हंगाम कधी निघत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. या वेळी तिने विचारलंच नाही. कटिंगच्या टेबलामागच्या कॅलेंडरवर पौर्णिमेभोवती खडूने मोठा गोल काढला आणि म्हणाली, "ह्या पुनवेला मी चालले. तुमी येताय का बगा." पौर्णिमा का, तर उजेड फुकट मिळतो. मी हंगामाचं काढणारच होते, तेवढ्यात ती कात्रीवरची नजर न हलवता पुढे म्हणाली, "आबा बी असंच म्हनायचं."

दोन मैत्रिणी आणखी जमल्या. शेजारची पद्मा, तेलुगू विणकरांच्या घरातली, जी पाण्याची बादली दिसली तरी पाय बुडवते. आणि रेहाना, जी स्वतःच्या व्हॅनमधून आमचा माल शाळांत पोचवते. खोल्यांचे दर ऐकून रेहाना म्हणाली, "इत्ते में तो दर्या घर कू आ जाएगा." तेव्हा ठरलं, उघड्यावरच राहायचं. माझ्या भाच्याने तंबू उसना दिला, तो कसा उभारायचा याचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. शोभाने आपली निळी ताडपत्री आणि सुंभाची वेटोळी घेतली. कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठल्याचं सामान... पहाटे चारला निघालो तेव्हा चौघी शाळेच्या पोरींसारख्या एकाच वेळी बोलत होतो. घाट उतरून हवा दमट झाली तशी शोभा खिडकीतून एकेक रान ओळखू लागली. इथे बसलो होतो, त्या विहिरीवर धुणं धुतलं होतं. अर्ध्या खुणा तिने मनाने लावल्या असाव्यात, पण कुणी हरकत घेतली नाही.

थांबत थांबत रत्नागिरीच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर ही एवढी वाळू! पाणी लांब मागे गेलेलं, आणि मधली ओली वाळू रोलर फिरवल्यासारखी सपाट, टणक. पद्मा आणि रेहाना चपला टाकून धावल्या. मी जागा हेरली. असा सपाट प्लॉट सोलापुरात कुणाला मिळतो? व्हिडिओप्रमाणे खुंट्या ठोकल्या, वीस मिनिटांत तंबू उभा केला आणि शोभाकडे पाहिलं. ती पाण्याकडे गेलेली नव्हती. जवळजवळ चाळीस वर्षं ज्यासाठी थांबली ते समोर होतं आणि बाई ताडपत्री काखेत घेऊन झाडांपाशीच उभी. म्हणाली, आधी बिऱ्हाड, मग बाकीचं. आणि बिऱ्हाडाच्याही आधी विचारायला जायचं.

कुणाला विचारायचं, हे मला कळेना. मी म्हटलं, समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? ती शांतपणे म्हणाली, "नसंल कुनाच्या. पन कडंला ऱ्हानारं कुनी असंलच की. रात काढायची आन इचारायचं न्हाय?" त्यांच्यात ही रीतच. ज्याच्या रानाजवळ पाल पडणार त्याच्या दारात जायचं, मालक असो वा शेजारी. विचारल्याशिवाय काठी रोवायची नाही. मला तो शुद्ध वेळेचा अपव्यय वाटला, पण ती निघालीच, म्हणून मीही मागोमाग गेले. झाडांमागे एक कौलारू घर होतं. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत होते. शोभाने पदर सावरून सांगितलं, आमी सोलापूरच्या, चौघी बाया, आजची रात हितं काढावी म्हनतो. ते इतके चक्रावले की हातातली सुई थांबली. त्या किनाऱ्यावर राहण्याची परवानगी त्यांच्याकडे आजवर कुणी मागितली नसावी. वाळूला कोण मालक, राहा खुशाल, असं म्हणत ते आमच्याबरोबर बाहेर आले आणि माझा तंबू बघून थबकले.

"तो तुमचा?" त्यांनी विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं. त्यांनी काठीने सुरूच्या मुळांशी साचलेली वाळकी शेवाळं, करवंट्या, तुटक्या दोऱ्या दाखवल्या. "आणि हा कचरा इथवर कोणी आणून टाकला, असं वाटतं?" पौर्णिमेचं उधाण, मध्यरात्री पाणी त्या मुळांपर्यंत येणार, तुमचा तंबू कमरेएवढ्या पाण्यात असेल, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे पाणी फक्त खाली जातं, विहिरीत, धरणात, बोअरमध्ये. ते आपल्या पायांनी वर चढून येतं हे शाळेत शिकले होते, पण पायाखालची ओली वाळू पाहून ते आठवलं नव्हतं. मग जी पळापळ झाली! खुंट्या उपसताना मी पालथी पडले, पद्मा तेलुगूत ओरडत आली, रेहाना हसून हसून तंबूवरच बसली. एक खुंटी सापडलीच नाही.

शोभाने मात्र झाडांच्या आत, वाऱ्याकडे पाठ करून, बघता बघता पाल बांधलं. तीन दगडांची चूल मांडली, पिठलं टाकलं. तोवर अंधारलं होतं आणि पाणी फिरून वर यायला लागलं होतं. जेवण झाल्यावर मी म्हटलं, चल, आता तरी जाऊ खाली. ती नको म्हणाली, येतंय म्हणतात तर बसू. चांदणं इतकं होतं की एकमेकींच्या कपाळावरची आठी दिसावी. आम्ही चौघी झाडांच्या कडेला ओळीने बसलो. माझ्या तंबूची जागा आधी ओली झाली, मग दिसेनाशी झाली. पाणी येतच होतं. बाराच्या सुमारास एक लाट हळूच आली, शोभाच्या पसरलेल्या पावलांवरून फिरली आणि मागे गेली. तिने पाय आखडले नाहीत. मग ती म्हणाली, "मी एवढी सालं खाली उतरायची वाट बगत हुते ताई. त्योच वर आला की." आणि तोंडावर पदर घेऊन खुदुखुदु हसत राहिली. पहाटे पाणी पुन्हा लांब गेलं, तेव्हा ती एकटीच चालत गेली आणि साडीसकट गळ्यापर्यंत बसली. आम्ही भाकरी गरम करून हाका मारत होतो. तिला ऐकू येत असणार. आली नाही.

गेल्या रविवारी सचिन ती ताडपत्री कारखान्यात घेऊन आला. घरात जागा नाही, तुम्हीच ठेवा, म्हणाला. कुठे उसवली असेल म्हणून कटिंगच्या टेबलावर उघडली तर दुमडीतून वाळू सांडली, मूठभर तरी असेल. टेबलावर धूळ पडली की मी मुलींना रागावते. या वेळी फडकं मीच मारलं. मग घडी घालायला घेतली. शोभा ती एकटी उशीएवढी करायची. पद्मा आली, रेहाना आली, तिघींनी तीन बाजूंनी ओढून पाहिलं. कुणी म्हणे आधी लांबीत, कुणी म्हणे कोपरे आत. वादावादी झाली, हसून झालं, दरवेळी गाठोडं गादीएवढंच होई. शेवटी मी म्हटलं, राहू दे तशीच, पौर्णिमेला सहाच दिवस आहेत. हंगाम ऐन भरात आहे आणि दोन शाळांचे गणवेश अजून कापायचे आहेत. रेहानाने व्हॅनमध्ये तेल बघायला सांगितलंय. शनिवारी पहाटे चारला निघतो आहोत.