दीनानाथांनी शोधलेली जुनी नदी

दीनानाथ वैशंपायन अलिबागच्या भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले तेव्हा चौतीस वर्षं मोजणी करून झाली होती. खाडीकाठची खाजणं, मिठागरं, बांधावरून हमरीतुमरीवर आलेले सख्खे भाऊ, सगळं त्यांनी गुडघाभर चिखलात उभं राहून पाहिलं होतं. पत्नी गेली आणि घर खायला उठलं. २०१७च्या फेब्रुवारीत लेक प्रणिता त्यांना तीन महिन्यांसाठी सिंगापूरला, क्लेमेंटीच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आली.

ती सकाळी आठच्या बसने विद्यापीठात जायची. मग दीनानाथ हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, कॉफी घेत, खाली बाकावर बसत, पुन्हा वर येत. करायला काहीच नव्हतं. एमआरटी स्टेशनपासून इमारतीपर्यंत सहाशे बारा पावलं आहेत, एवढं त्यांनी तिसऱ्या दिवशीच काढून ठेवलं होतं.

प्रणिताचं संशोधन सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्याचं होतं. तिथे जिल्ह्याला काबुपातेन म्हणतात. त्याच्या पोटात आपल्यासारखेच तालुके आणि तालुक्यांत गावं. किनारा दलदलीचा, समुद्र एकीकडे जमीन खातो आणि दुसरीकडे गाळ आणून टाकतो. सरकारने प्रत्येक गावाची हद्द नकाशावर पक्की करायला घेतली होती आणि उपग्रहाच्या चित्रांवरून हद्दी आखायचं काम प्रणिताच्या गटाकडे आलं होतं.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर तिने नकाशा पसरला होता. दीनानाथ चष्मा पुसून बराच वेळ वाकून बघत राहिले. दोन गावांची, आणि तीच दोन तालुक्यांची, हद्द नदीच्या मधोमध काढलेली होती. नदीच्या अलीकडे चाळीस घरांचा एक पुंजका होता.

“ही घरं कुठल्या गावची?” त्यांनी विचारलं.

प्रणिताने सांगितलं की लोक स्वतःला पलीकडच्या गावचे म्हणवतात, शाळा आणि मशीदही त्यांची तिकडेच आहे. पण मूळ कागदात हद्द म्हणजे नदी असं स्वच्छ लिहिलंय, त्यामुळे आता ती अलीकडच्या तालुक्यात जातील. साध्या दाखल्यासाठी त्यांना दोन तास होडीने दुसऱ्या कचेरीत जावं लागेल. तिलाही ते पटत नव्हतं, पण कागदापुढे इलाज नव्हता.

“नदी खरी,” दीनानाथ म्हणाले, “पण कुठल्या सालची नदी?”

प्रणिता जरा चिडली. उपग्रहाची चित्रं चाळीस वर्षांपूर्वीपासूनची आहेत आणि नदी तेव्हापासून तिथेच आहे, असं तिने ऐकवलं. दीनानाथ वाद घालत बसले नाहीत. कागद कधीचा आहे तेवढं बघ, म्हणाले. तिने बघितलं. कागद साठ वर्षांपूर्वीचा होता. मधल्या वीस वर्षांत नदी कुठून वाहत होती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मार्चअखेर प्रणिताला पाहणीसाठी तिकडे जायचं होतं. बाबांना घरी एकटं कसं ठेवायचं, हे तिने स्वतःलाच दिलेलं कारण. हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून फेरीबोट, पुढे आणखी एक फेरीबोट आणि शेवटी लाकडी होडी. धक्क्यावर जिल्हा कचेरीच्या युलियार्तीबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या. या वयस्कर पाहुण्याला चिखलात कशाला आणलंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

दीनानाथांनी एक लांब, सरळ बांबू मागून घेतला. घरांच्या मागे नारळाची वाडी होती. तिथून ते दर पाच पावलांवर बांबू जमिनीत खुपसत निघाले. बांबू दोन हात जाऊन कडक मातीला अडे. बाई आणि प्रणिता मागून चालत होत्या. पाऊण तास असाच गेला. प्रणिताला कानकोंडं व्हायला लागलं. आणि मग एका ठिकाणी बांबू सरसर आत गेला, पुरुषभर खोल, तरी तळ लागेना. पुढच्या खेपेला तसंच. पंधरा-सोळा खेपांनंतर पुन्हा कडक माती.

“हे पात्र,” ते म्हणाले. “गाळाने भरलेलं. नदी इथून जायची.”

प्रणिताने ते मलयमध्ये सांगितलं. बघायला जमलेल्यांतली एक म्हातारी पुढे झाली. साठेक वर्षांपूर्वी आपण लग्न होऊन आलो तेव्हा होडी इथेच लागली होती, त्या समोरच्या नारळाला बांधली होती, असं ती म्हणाली. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं. युलियार्तीबाईंनी वही काढली.

तीन दिवस सगळे मिळून बांबू खुपसत राहिले आणि जुन्या नदीची वळणं खुंट्या ठोकून मांडत गेले. ती घरांच्या अलीकडून गेली होती. म्हणजे घरं लोक म्हणत होते त्याच गावची. चौथ्या दिवशी दोन्ही गावांचे प्रमुख त्या रेषेवरून चालले. अलीकडच्या प्रमुखाने दोन जागी हरकत घेतली. दीनानाथांनी एका जागी त्याचं म्हणणं मान्य केलं, कारण तिथे त्यांची खुंटी खरंच चुकली होती. त्यानंतर त्याने सही केली.

परतीच्या फेरीबोटीत प्रणिता वडिलांच्या पायांवरचा वाळलेला चिखल बघत होती. लहानपणी शाळेत वडील चिखलाच्या पायांनी आले की तिला लाज वाटायची, ते तिला आठवत होतं. “बाबा, हे तुम्ही मला नीट शिकवा,” एवढंच म्हणाली.

क्लेमेंटीला उरलेला महिना त्यात गेला. संध्याकाळी बापलेक टेबलाशी बसत. ती त्यांना उपग्रहाची चित्रं वाचायला शिकवायची, ते तिला माती. तिच्या गटातले दोघेतिघेही वही घेऊन येऊ लागले, आणि दीनानाथ आपल्या कार्यालयीन इंग्रजीत, मध्येच मराठीवर घसरत, त्यांना खाजणातल्या हद्दी समजावू लागले.

नवा नकाशा नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला. दीनानाथ तेव्हा अलिबागला होते. प्रणिताने फोनवर सांगितलं की चाळीस घरं आपल्या गावात राहिली, आणि युलियार्तीबाईंच्या कचेरीने आणखी सहा गावांसाठी बोलावणं पाठवलंय. जानेवारीत यायला जमेल का?

दीनानाथांनी विचारलं, तिकडे भरतीच्या वेळा कुठे बघायला मिळतील.