पाचव्या घरचा जोगवा

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात मी देव्हाऱ्याकडे पाठ करून जेवत होते. मेडिकलला लागतात तेवढे गुण पडले नव्हते, आणि ते का पडले नाहीत हे तुळजापूरच्या भवानीला चांगलं ठाऊक होतं. ऐन परीक्षेत भूममधल्या विहिरी तळाला गेल्या. आई आजारी, वडील ढोकीला साखर कारखान्यावर, म्हणजे टँकरपुढं घागर घेऊन उभी राहणार मीच. अभ्यासाचा वेळ पाण्याच्या रांगेत गेला. जिला रोज अभिषेक होतो तिला भक्ताच्या घरी हंडाभर पाणी धाडता येत नाही, असं मी आईला तोंडावर म्हणाले. आई रडली. मला त्याचंही काही वाटलं नाही. वडिलांनी तर स्थळं बघायला घेतली होती.

आमच्या घरात मंगळवारी जोगवा मागायची रीत. घरात धान्य असो वा नसो, वेताची परडी घेऊन पाच घरी जायचं, देवीच्या नावानं मूठभर पीठ मागायचं आणि त्याची भाकरी खायची. माणसाचा ताठा जावा म्हणून हे, असं आई सांगायची. त्या मंगळवारी तिच्या अंगात ताप होता. तिनं परडी माझ्याकडं सरकवली. मी नाही म्हणाले. ती अंथरुणातून उठायला लागली, तेव्हा चरफडत निघाले.

चार घरी पीठ मिळालं आणि पिठाबरोबर चौकशा. किती पडले, आता पुढं काय, एखादं स्थळ आलंय का. नेहमीच्या पाचव्या घराला कुलूप होतं. शेजारी वऱ्हाडातून बदलून आलेलं नवं बिऱ्हाड होतं. त्या दारात मी 'अंबाबाईचा जोगवा' म्हणून ओरडले, वसुलीला आल्यासारखी. बाहेर आलेल्या बाईंना ही रीतच माहीत नव्हती. परडीकडं बघून त्या कळवळून म्हणाल्या, "चांगली धडधाकट पोरगी तू, भीक काय मागतेस? शिकायचं वय तुझं."

माझं डोकंच फिरलं. भीक आणि जोगवा यांतला फरक सांगायला लागले आणि सांगता सांगता घागर, टँकर, गुण, स्थळं, सगळं त्यांच्या उंबऱ्यात ओकून मोकळी झाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या स्वतः शेतकी शिकलेल्या, सरकारी नोकरीत होत्या. परभणीला शेतकीचे प्रवेश अजून चालू आहेत, तुझे गुण तिथं पुरतात, मुलीच जात नाहीत, असं त्या म्हणाल्या. मला शेतकी नको, डॉक्टर व्हायचंय, हेही मी रागानंच सांगितलं.

"मग बस घरी रुसून," त्या म्हणाल्या. "नाही तर सकाळच्या एसटीला ये. मी येते सोबत."

रात्रभर धुसफुसले आणि सकाळी स्टँडवर गेले. परभणीला जागा मिळाली. नंतर बाईंनीच वडिलांची समजूत घातली. पोरगी काय औत धरणार का, म्हणत होते ते, पण स्थळं बघायचं थांबवलं.

परभणीहून परत आले त्याच दिवशी आईला सगळं सांगितलं. तिला जराही नवल वाटलं नाही.

"पीठ घातलं का गं तिनं?"

"न्हाय."

"मग जोगवा पुरा झाला न्हाय. जा, माग जा."

त्या दुष्काळाचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही, आणि देवीनं तो टाकून दे असं मला कधी सुचवलंही नाही. तिनं माझा राग होता तसा पदरात घेतला आणि मी न मागितलेलं मला दिलं. पुढं ज्या शेतांच्या बांधांवर माझं आयुष्य गेलं, ती तिनंच दाखवली असं मी मानते. कुणी योगायोग म्हणेल, मी वाद घालत नाही.

त्या दिवशी मात्र मी मुकाट्यानं पुन्हा बाईंच्या दारात गेले. आजवर काय हवं ते ठरवूनच देवीपुढं हात जोडले होते. या वेळी काहीच ठरवलं नव्हतं. बाईंनी ओंजळभर ज्वारीचं पीठ आणून परडीत घातलं, आणि मी तिथंच उभी राहून पोटभर रडले.