अडुळशाचा काढा

माझे वडील सांगोल्याकडचे मेंढपाळ. त्यांच्या अडुळशाच्या काढ्यानं खोकला बरा होतो, म्हणून लांबून माणसं येत. सोलापुरात सूतगिरणीत कामाला असलेल्या माझ्या नवऱ्याला खोकताना रक्त पडू लागलं, तेव्हा वडील पाल्याचं गाठोडं घेऊन आमच्या खोलीवर आले. रोज सकाळी पानं उकळून, मध घालून स्वतःच्या हातानं पाजत.

"मामा, आज लई बरं वाटतंय," नवरा त्यांचं मन राखायला म्हणे.

पंधराव्या दिवशी वडिलांनी मला दाराबाहेर नेलं. "पोरी, ह्यो कापसाचा खोकला हाय. ह्याला माजा पाला पुरायचा न्हाय."

"मग काय करायचं, आबा?"

 आत जाऊन त्यांनी पुन्हा चूल पेटवली.

आठवड्यानं नवरा गेला. त्यानंतर गावी कुणी औषधाला आलं, की वडील हात जोडून त्याला परत पाठवत.