पिंजऱ्यांच्या पाळ्या

कोंडीबा जतकडचा. बापजाद्यांनी मेंढरं राखली, याच्या वाट्याला पांढरे उंदीर आले. सांगलीतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राणिघरात तो त्यांचं दाणापाणी बघायचा. मी तिथला तंत्रज्ञ. चाळीस उंदरांतले दोन मला कधी वेगळे ओळखता आले नाहीत. कोंडीबा मात्र दारातूनच सांगायचा, "त्ये बारक्या डोळ्याचं आज खाईना झालंय."

साल अठ्ठ्याण्णव. मोबाईल गावात दोन-चार जणांकडेच होता, पण त्याच्या लहरींनी मेंदूला काही होतं का, हे डॉक्टर विनोदिनीबाईंना शोधायचं होतं. वीस पिंजरे लहरी सोडणाऱ्या यंत्राजवळ, वीस पलीकडे पत्र्याच्या आडोशाला. एका पिंजऱ्यात एक उंदीर. नंबर पिंजऱ्यांना होते, उंदरांना नव्हते. दर महिन्याला एकेकाला लाकडी भुलभुलैयात सोडायचं आणि खाण्याची वाट आठवते का बघायचं. घड्याळ घेऊन बसायचं काम माझं. वर्षभर बसलो, कंबर गेली. बाईंचं बिऱ्हाड साताऱ्यात, तरी त्या रविवारीही इथेच.

शेवटी निबंध टाइप झाला, पाकीट चिकटवलं. बाई खुर्चीत टेकल्या. "सुटलो, सुमंत. लहरींनी काही झालेलं दिसत नाही. दोन्ही रांगांत कणभर फरक नाही."

कोंडीबा पाणी भरत होता. म्हणाला, "फरक कसा असंल, बाई? मी पाळ्या लावल्या हुत्या की."

"कसल्या पाळ्या?"

"रोज सांजच्याला हिकडच्या पिंजऱ्यातली तिकडच्यात, तिकडची हिकडं. मेंढरं बसवली की कडेच्यांला वारा लागतो, लांडगा बी कडेचंच नेतो. म्हणून आमी जागा बदलत राहतो. एकानंच किती सोसायचं?"

मला असा संताप आला म्हणून सांगू! सगळं वर्ष पाण्यात गेलं होतं, आणि हा माणूस शाबासकीची वाट बघत उभा. मी बाईंना हळूच म्हटलं, "पाठवून टाकू. कुणाला कळतंय?" आता त्याची लाज वाटते. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पाकीट फाडलं.

नवे उंदीर आले. यंत्राजवळचा उंदीर तिथेच राहील, अशी बाईंनी कोंडीबाला ताकीद दिली. त्यानं ती पाळली. पंधराव्या दिवशी मात्र दाराशी येऊन उभा राहिला.

"बाई, मला गेटावर टाका. रोज त्येच ईस कडेला. माझ्याकडं बघत्यात."

"तुमच्याइतकं त्यांना कोण जपणार, कोंडीबा?"

"म्हणून तर जमंना."

तो गेटावर गेला. मग दाणापाणी माझ्याकडे आलं. मला सगळे उंदीर सारखेच दिसायचे, त्यामुळे बाईंचं काम त्या वर्षी बिनचूक चाललं.