मोरचुदाचं पाणी

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख सरांना मी माफ केलेलं नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरीही नाही.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात मी प्रात्यक्षिकं घ्यायची तात्पुरती नोकरी करत होते. वर्ग सुटले की माझं स्वतःचं काम चालायचं. तळ्यातून आणलेल्या हायड्रिलाचं पान काचपट्टीवर ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. जिवंत पेशीत हिरवे दाणे कडेकडेने रांगेत फिरत असतात. त्यांना हलवणारी प्रथिनं आपल्या दंडातल्या प्रथिनांच्याच जातीची असावीत, असं तेव्हा नुकतंच वाचायला मिळू लागलं होतं. धग लागली की ती कधी थकतात, गार झाल्यावर पुन्हा कामाला लागतात का, एवढंच मला बघायचं होतं. धगीला सोलापुरात काय तोटा!

वीज सारखी जायची, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या आरशावर ऊन घ्यावं लागे. पण सरळ उन्हात पेशी शिजते, आणि उकडलेलं अंडं काही पुन्हा पातळ होत नाही. म्हणून मी आरशापुढे मोरचुदाच्या निळ्या पाण्याचा काचेचा चंबू ठेवायची. उजेड यायचा, धग अडायची. सरांना वाटे, निळ्या रंगाने डोळ्यांना बरं वाटतं. त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग कळलं, पुण्याहून एक मोठे प्राध्यापक येणार आहेत आणि त्यांना आपल्या तिथल्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी हवाय. इकडे घरात माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. सुटायचं तर वाट तीच होती.

आदल्या दिवशी सर म्हणाले, "हे काम मी आणि माझा पुतण्या दाखवू. तुम्ही चहाचं बघा."

पुतण्याने हायड्रिलाला हातसुद्धा लावला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा, तेही जोडीने!

मी चहाचं बघितलं. चंबू मात्र मोरीत रिकामा केला आणि धुऊन कपाटात पालथा घातला. माझ्या पैशाने आणलेला होता तो.

पाहुणे आले आणि वीज गेली. सरांनी ऐटीत आरसा उन्हाकडे फिरवला. "वा, फिरतायत," पाहुणे म्हणाले. मग म्हणाले, "थांबलं." दुसरं पान लावलं, तेही थांबलं. पुतण्या पुटपुटला, "पाणी खराब असेल." सरांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी कपबशा मांडत होते, आणि मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पाहुणे माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही रोज इथं असता ना? हे का थांबतंय, सांगाल?"

सर माझ्याकडे काकुळतीने बघत होते. एक वाक्य बोलले असते तर पुणं माझं होतं. पण पुढच्याच क्षणाला सर म्हणाले असते, "आमचीच विद्यार्थिनी, मीच शिकवलंय." ते मला सोसलं नसतं.

"काही कल्पना नाही," मी म्हणाले. "सरांचं काम आहे, त्यांनाच विचारा."

पाहुणे कुणालाच न घेता परत गेले. संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला.

"अगं, सोताचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केलास की! आता कुटलं पुणं न् कुटलं काय!"

"व्हय," मी म्हणाले, "पर अपशकुन लई बेस झाला."