अक्कांचं पाणी

"दोन्ही किडन्या गेल्यात," डॉक्टर आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाले. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथंच मधल्या खुर्चीत बसल्या होत्या.

पायांना सूज यायची, जेवण जायचं नाही. वयानं होत असेल, असं आम्ही धरून चाललो. मग क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची रक्तातली घाण. बसवनगुडी भागातल्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. त्यात मशीन रक्त धुऊन परत अंगात सोडतं.

अंगात पाणी साठायचं, म्हणून ते मोजून द्यायचं होतं. आमच्या घरी रोजचा तांदूळ अक्का मापून काढायच्या, सुनेनं डब्यात हात घालायचा नाही. आता त्यांचं पाणी मी मापत होते. त्या मागायच्या नाहीत. नुसत्या पेल्याकडे बघायच्या.

पुढे मशीनवरून उतरल्या की त्यांना दिवसभर उलट्या व्हायच्या. डॉक्टर म्हणाले, "अज्जी, अजून करायचं की थांबायचं? तुम्हीच सांगा."

"मुलाला विचारा," अक्का म्हणाल्या.

"करायचं," हे लगेच बोलले.

घरी पाय पुसताना अक्का मला म्हणाल्या, "मला नको गं ते मशीन."

"मग तिथं का नाही सांगितलंत?"

"घरात मी सांगायचं, बाहेर त्यानं बोलायचं, असंच आहे आमचं. ह्या वेळी त्यानं माझ्याकडे वळून बघितलंच नाही."

मी ह्यांच्यापुढे फारशी बोलत नाही. तरी सांगितलं.

"आई असं म्हणणार नाही. तुला काय कळतंय?" म्हणाले. पण जेवण टाकून उठले आणि अक्कांच्या खाटेवर जाऊन बसले.

"आई, मी काय सांगू तिथं?"

"पुरे म्हणून सांग."

ह्यांनी अक्कांच्या पदरात तोंड घातलं. मी आत निघून गेले.

ह्यांनी दवाखान्यात तसं सांगितलं, मशीन बंद झालं. डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना हवं ते द्या." मी लोटाभर पाणी नेलं. दोन घोट घेऊन अक्कांनी हात आडवा केला. "सरी," म्हणाल्या, कानडीत बरं म्हणतात तसं. "पुरे."

थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

कुणाच्या घरी असं दुखणं असेल तर एवढंच सांगते. म्हातारं माणूस दवाखान्यात "मुलाला विचारा" म्हणालं, तर ते उत्तर शेवटचं धरू नका. घरी आणून जवळ बसा आणि विचारा. ह्यांनी विचारलं, तेवढ्यावर मी देवाचे उपकार मानते.

आता तांदूळ मीच काढते. झाकण उघडून अजून थांबते, अक्का किती म्हणतात म्हणून.